‘मीच का?’ याचं उत्तर मिळालं ते परिवीक्षा कार्यालयात

पोस्टात मी ३७ वर्षं काढली. म्हणून कुठलीही सरकारी सेवा बरी की वाईट हे ठरवताना मी आधी एकच गोष्ट पाहते. ज्याला कळायला हवं त्याला कळलं का, आणि वेळेत कळलं का? पत्र सुंदर अक्षरात असलं आणि लग्न होऊन गेल्यावर पोहोचलं, तर त्या अक्षराचं करायचं काय?

गेल्या दीड वर्षात एका गुन्ह्याची फिर्यादी म्हणून मला पोलीस, कोर्ट आणि शेवटी जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्याचं कार्यालय अशा तीन ठिकाणांशी काम पडलं. परिवीक्षा म्हणजे गुन्हेगाराला तुरुंगात न पाठवता अटी घालून देखरेखीखाली ठेवणं. पहिल्या दोन ठिकाणांबद्दल लोक भरपूर लिहितात. तिसऱ्याबद्दल कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही, आणि खरं काम तिथेच झालं. म्हणून हे लिहायला बसले. पाचपैकी गुण द्यायचे तर त्या अधिकाऱ्याला मी पाचच्या पाच देईन. ज्या व्यवस्थेत ते काम करतात तिला दोन.

ऑगस्ट २०२४, रविवारची सकाळ. पावसाने उघडीप दिली होती म्हणून फिरायला बाहेर पडले. मागून मोटारसायकल आली, तिचा वेग कमी झाल्याचं कानाला जाणवलं आणि मान एकदम मागे खेचली गेली. मी गुडघ्यांवर आले तोवर गाडी वळणापलीकडे गेली होती. चेहरा दिसलाच नाही, नुसती पाठ आणि निळा शर्ट. साखळी १२ ग्रॅमची होती. पाचव्या वेतन आयोगाची थकबाकी मिळाली तेव्हा केलेली, माझ्या स्वतःच्या पैशाने केलेला पहिला दागिना.

पोलीस ठाण्यात त्या दिवशी चांगली वागणूक मिळाली हे आधी सांगते. ठाणे अंमलदार एक तरुण मुलगी होती. तिने पाणी दिलं, माझं बोलणं मध्ये न तोडता लिहून घेतलं आणि एफआयआरची प्रत तिथल्या तिथे, फुकट, हातात ठेवली. नवे कायदे लागू होऊन तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते. भारतीय न्याय संहितेत हिसकावून केलेल्या चोरीला आता वेगळं कलम आहे, ३०४, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हेही तिनेच समजावलं. नऊ दिवसांनी मुलगा पकडला गेल्याचा फोन आला. मी देवापुढे दिवा लावला.

त्यानंतर सगळं शांत झालं.

सप्टेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी दाराची बेल वाजली. बाहेर एक अनोळखी बाई उभी होती, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. ‘ताई, पोराचं आयुष्य जाईल हो, केस मागे घ्या’ म्हणून रडायला लागली. कोण, कुठली, काहीच कळेना. मग तिच्या खांद्यावरून माझं लक्ष फाटकाकडे गेलं. तिथे मोटारसायकलला टेकून एक मुलगा खाली मान घालून उभा होता. मी त्याचा चेहरा पहिल्यांदा पाहिला तो माझ्याच फाटकात. त्याला जामीन होऊन अठरा दिवस झाले होते. मला ते कुणीही कळवलं नव्हतं. माझं घर मात्र त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं.

मी दार लावून घेतलं. हात इतके थरथरत होते की कडी लागेना. त्या रात्रीपासून मी फिरणं सोडलं. दूध आणायलासुद्धा भाच्याला पाठवायला लागले. गळ्यातून साखळी गेली तेव्हा मी इतकी घाबरले नव्हते, हे मी अगदी खरं सांगते. साखळी गेली ती रस्त्यावर, आणि रस्त्यावर काय वाटेल ते होतं. हे घरापर्यंत आलं होतं. तो आत आहे असं धरून मी अठरा दिवस बिनघोर झोपत होते, आणि ते धरून चालणंच खोटं निघालं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन सांगितलं. त्यांनी त्या कुटुंबाला तंबी दिली आणि पुन्हा कुणी आलं नाही. पण ‘जामिनाचं मला का नाही सांगितलं?’ या प्रश्नाला उत्तर मिळालं, ‘ते कोर्टाचं काम.’ कोर्टात विचारलं तर म्हणाले, ‘ते पोलिसांचं.’ पोस्टात अशा टपालाला आम्ही ‘मधल्या पेटीत पडलेलं’ म्हणायचो. पाठवणाऱ्याला वाटतं गेलं, वाटणाऱ्याला वाटतं आलंच नाही.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक केलेलं आहे, मोबाईलवरून कळवलं तरी चालतं. मला तो संदेश ८६व्या दिवशी आला. ‘आपल्या गुन्ह्याचा तपास सुरू आहे.’ खाली ना नाव, ना नंबर, ना गुन्हा क्रमांक. मुदत पाळली गेली, पण मजकूर शिळा होता. दोषारोपपत्र त्याआधी तीन आठवडे कोर्टात गेलेलं होतं. तपास संपला होता, आणि मला तो सुरू असल्याची खबर मिळाली. कायद्याने ९० दिवस घातले हे फार मोलाचं पाऊल आहे, आधी एवढंही नव्हतं. पण कळवणं म्हणजे आकडा पुरा करणं नव्हे. ज्या संदेशाखाली माणसाचं नाव नाही, त्या संदेशाला उलट प्रश्न विचारता येत नाही.

कोर्टाचं थोडक्यात सांगते. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो मिळवा, ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाका, पुढची तारीख घरबसल्या दिसते. मला तो पैरवीच्या, म्हणजे पोलिसांतर्फे कोर्टाचं काम पाहणाऱ्या, हवालदारांनी कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दिला आणि तो चिठोरा मी अजून पाकिटात ठेवला आहे. सात तारखांपैकी एकीलाही मला उगाच हेलपाटा पडला नाही. तारीख कळते, तारखेला काय घडलं ते मात्र त्रोटक शब्दांतून आपणच ओळखायचं.

मुद्देमाल परत मिळाला तो दिवस वेगळा सांगायला हवा. फेब्रुवारीत सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, सोनं ताब्यात देण्याचा आदेश झाला. कारकुनाने लाखेचा शिक्का तोडून पाकीट उघडलं आणि टेबलावर माझ्यासमोर एक लगड ठेवली. बोटाच्या पेराएवढी, एका बाजूला चपटी, दुसऱ्या बाजूला वितळताना पडलेली सुरकुती. साखळी आटवून टाकलेली होती. माझ्या डोळ्यांसमोर तिचा आकडा होता, कड्यांमधली ती बारीक नक्षी होती, एका कडीला मीच सराफाकडून घालून घेतलेला सांधा होता. त्यातलं काही म्हणजे काही त्या तुकड्यात नव्हतं. वजन भरलं ९ ग्रॅम ४०० मिली. मी सही केली, लगड रुमालात बांधली आणि बसस्टॉपवर येऊन पहिल्यांदा रडले. त्या क्षणी मला त्या मुलाला तुरुंगातच बघायचं होतं. हेही लपवत नाही.

जुलै २०२५ मध्ये त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. सरकारी वकील बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आरोपी २१ वर्षांच्या आतला आहे, त्यामुळे १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचं कलम ६ लागतं. जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर इतक्या कोवळ्या वयाच्या माणसाला कोर्ट सहसा तुरुंगात पाठवत नाही. पाठवायचंच असेल तर कारणं लिहावी लागतात, आणि त्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो. ‘म्हणजे सुटणार?’ मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘सुटणार नाही, देखरेखीखाली राहणार.’ मला दोन्हींत फरक दिसला नाही.

दहा-बारा दिवसांनी फोन आला. ‘काकू, मी परिवीक्षा अधिकारी बोलतोय. त्या मुलाचा अहवाल माझ्याकडे आहे. कायद्याने तुम्हाला भेटायचं माझ्यावर बंधन नाही, पण तुमच्याशी न बोलता मला तो पुरा करायचा नाही. तुम्ही याल, की मी येऊ?’

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं होतं.

त्यांच्या कार्यालयात गेले. महिला व बालविकास विभागाच्या इमारतीतली एक खोली, दोन टेबलं, फायलींचा डोंगर. अधिकारी पस्तिशीतले असतील. बालविवाह थांबवायला जाणं, बालकांची प्रकरणं, हे सगळं सांभाळून त्यांच्याकडे हे काम. आधी त्यांनी स्वतःचं काम काय ते समजावलं. १८४१ साली बोस्टनमध्ये जॉन ऑगस्टस नावाचा एक बूट बनवणारा कारागीर कोर्टात बसला होता. दारूपायी पकडून आणलेल्या एका माणसाची त्याने हमी घेतली आणि काही आठवड्यांनी त्याला सुधारलेला परत उभा केला. इथून परिवीक्षा सुरू झाली, असं ते म्हणाले. ‘त्या गोष्टीत दारुड्यामुळे ज्याला त्रास झाला तो माणूस कुठेच नाही, काकू. मला तो नेहमी आठवतो.’

मग त्यांनी एक डायरी उघडली. पानावर मधोमध पट्टीने रेघ मारलेली. डाव्या बाजूला वर लिहिलं होतं ‘मुलगा’, उजव्या बाजूला ‘फिर्यादी’. डावीकडे जे घडेल त्यातलं उजवीकडे काय जायला हवं, कधी गेलं, कुणी फोन घेतला, हे लिहायला रकाने. मी आयुष्यभर आवक-जावक नोंदवह्या पाहिल्या. त्या पानाकडे पाहून मला आतून बरं वाटलं. कुणीतरी दोन्ही बाजूंची टपालपेटी एकाच हातात घेतली होती.

त्यांनी मला तीन-चार गोष्टी विचारल्या आणि मी बोलत असताना लिहून घेतल्या. भीती कशाची वाटते? कुठल्या रस्त्यावर, किती वाजता? तो कुठे दिसला तर सगळ्यात जास्त त्रास होईल? नुकसान भरून मिळावं असं वाटतं का? मी म्हणाले, सोन्याची तूट भरून द्यावी, आणि सकाळी त्या रस्त्याला तो नसावा. फाटकात तर कधीच नको. त्यांनी विचारलं, त्याला समोरासमोर भेटायचं आहे का? मी नाही म्हणाले, आणि आजही माझं उत्तर नाहीच आहे. त्यांनी एकदाही आग्रह केला नाही. उलट म्हणाले, ‘भेटायचं नसेल तर प्रश्न द्या. त्याची तयारी असेल तर उत्तर आणून देतो.’

मी दोन प्रश्न दिले. साखळी आटवली तेव्हा तू तिथे होतास का? आणि मीच का? मला आधीपासून हेरून ठेवलं होतं का?

दुसरा प्रश्न तोंडातून बाहेर पडला तेव्हा मला कळलं की वर्षभर मी याच एका गोष्टीपाशी अडकून पडले होते. मी एकटी राहते हे त्याला माहीत होतं का? मी किती वाजता निघते हे कुणी सांगितलं होतं का? दूधवाला, समोरचा वॉचमन, पेपर टाकणारा मुलगा, मी सगळ्यांकडे संशयाने पाहायला लागले होते. एफआयआरमध्ये याचं उत्तर नव्हतं, दोषारोपपत्रात नव्हतं, पंचनाम्यात तर नाहीच नाही. हे सांगू शकणारा माणूस जगात एकच होता, आणि त्याच्याशी मोकळेपणी बोलणारा दुसरा एकच, तो म्हणजे माझ्यासमोर बसलेला अधिकारी.

आठवड्याने फोन आला. उत्तर त्यांनी मुलाच्या शब्दांत वाचून दाखवलं, पण आधी हेही सांगितलं की बाकी अहवाल गोपनीय आहे, मुलाच्या घरचं किंवा तब्येतीचं काही ते सांगणार नाहीत, ज्याला त्याने होकार दिला तेवढंच सांगतील. मला ते पटलं. कोणाच्या पत्रातला मजकूर दुसऱ्याला सांगायचा नसतो हे मला शिकवायला नको.

उत्तर असं होतं: ‘काकूंना मी ओळखत नव्हतो. गाडी मित्राची होती. सकाळपासून तीन रस्ते फिरलो. आधी दोन बायका दिसल्या, त्यांनी स्कार्फ बांधले होते. काकूंची साखळी दिसली. सोनं आटवताना मी दुकानात उभा होतो. लगेच झालं. मला वाटलं होतं वेळ लागेल.’

मी पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. मग फोन ठेवला, चपला घातल्या आणि खाली उतरून वॉचमनदादांशी पाऊस-पाण्याच्या दोन गोष्टी बोलून आले. वर्षभर मी त्या माणसाशी धड बोलले नव्हते. आणि तो शेवटचा शब्द, ‘मला वाटलं होतं वेळ लागेल’, माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्याच्याही डोळ्यांसमोर काहीतरी फार पटकन संपलं होतं. त्याने त्याचा गुन्हा कमी होत नाही. पण आतापर्यंत निळा शर्ट आणि पाठ एवढंच असलेला तो, त्या दिवसापासून माझ्यासाठी एक माणूस झाला, आणि माणसाची भीती वेगळी असते, ती मापात राहते.

ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस आदेश झाला. कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र, दोन वर्षं परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख. दुसऱ्या तालुक्यात मामाकडे राहायचं, गॅरेजमध्ये काम करायचं, दारूला हात लावायचा नाही, आमच्या भागात यायचं नाही, दर महिन्याला अधिकाऱ्यासमोर हजर व्हायचं. कलम ५ खाली सोन्याच्या तुटीची भरपाई, दहा हप्त्यांत, कोर्टात भरायची. आदेश झाला त्याच दिवशी दुपारी साडेतीनला मला फोन. अटी एकेक करून वाचून दाखवल्या. मी सांगितलेला रस्ता त्यात होता. त्याच्या अटी ठरवताना माझा रस्ता कुणाच्या तरी लक्षात राहिला होता, आणि तो कागदावर उतरला होता.

नोव्हेंबरमध्ये खरी परीक्षा झाली. अधिकाऱ्यांचा फोन आला तो रविवारी रात्री. ‘काकू, वाईट खबर आहे, पण माझ्याकडून कळावी म्हणून फोन केला. त्याचं गॅरेजमधलं काम सुटलं. मालकाशी भांडण झालं. तो मामाकडेच आहे, मी मघाशीच त्याच्याशी बोललो. उद्या अकराला माझ्यासमोर येतोय. मंगळवारी तुम्हाला पुन्हा सांगतो.’ मंगळवारी फोन आला. टायर रिमोल्डिंगच्या एका कारखान्यात बोलणं झालं होतं, पंधरा दिवसांत तो तिथे लागला. एक हप्ता चुकला, पुढच्या महिन्यात दोन भरले.

मी त्या रविवारी झोपले, गाढ झोपले. लोक म्हणतात पीडितांना उगाच काळजीत टाकू नका, वाईट बातमी सांगू नका. माझा अनुभव अगदी उलटा आहे. मला घाबरवलं ते न सांगितलेल्या जामिनाने, सांगितलेल्या भांडणाने नाही. बातमीबरोबर ‘आता पुढे काय करणार’ हे असलं आणि सांगणाऱ्याचं नाव माहीत असलं, की वाईट बातमीसुद्धा पेलते. आणि पुढे काय करणार हे तोच सांगू शकतो ज्याच्या हातात त्या मुलाची देखरेख आहे. म्हणून मुलावर देखरेख ठेवणं आणि पीडिताला कळवणं ही दोन कामं वेगळ्या खात्यांत टाकू नयेत असं माझं ठाम मत झालं आहे.

आता व्यवस्थेला दोनच गुण का, ते. मी तो १९५८ चा परिवीक्षेचा कायदा आणून वाचला. कलम १४ मध्ये परिवीक्षा अधिकाऱ्याची कर्तव्यं दिली आहेत: आरोपीची परिस्थिती आणि घर यांची चौकशी करणं, देखरेख ठेवणं, गरज असेल तिथे काम मिळवून देणं, भरपाई भरायला त्याला मदत करणं, सुटलेल्यांना सल्ला देणं. सगळी चांगली कर्तव्यं आहेत. पण ज्याचं नुकसान झालं त्याला एक शब्द कळवावा, हे त्यात कुठेच नाही. कलम ७ प्रमाणे अहवाल गोपनीय. त्याचा सारांश कोर्ट आरोपीला सांगू शकतं, त्यावर त्याला पुरावा देता येतो. फिर्यादीचा तिथे उल्लेख नाही. आणि अट पहिल्यांदा मोडली तर कोर्ट शिक्षेऐवजी दंडावर भागवू शकतं, तो जास्तीत जास्त ५० रुपये, कायदा झाला तेव्हाचाच आकडा. म्हणजे मला जे मिळालं ते सगळं एका माणसाच्या चांगुलपणातून मिळालं. रेघ मारलेलं ते पान सरकारी नमुन्यातलं नाही, त्यांच्या स्वतःच्या डायरीतलं आहे.

आपल्याकडे हे कुणाला सुचलेलंच नाही असंही नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५अ आलं. त्यात कोर्टातल्या प्रत्येक कामकाजाची, अगदी जामिनाचीसुद्धा, वेळेवर आणि अचूक सूचना मिळण्याचा हक्क पीडिताला दिलेला आहे. लखीमपूर खेरी प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीडिताला तपासापासून प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडता आलं पाहिजे असं सांगितलं. वाक्यं तयार आहेत. ती माझ्यासारख्या साखळीचोरीच्या फिर्यादीपर्यंत येऊ द्यायची आहेत, एवढंच.

परदेशात काय आहे तेही पाहिलं. अमेरिकेत केंटकी राज्यात डिसेंबर १९९३ मध्ये मेरी बायरन या मुलीला तिच्या एकविसाव्या वाढदिवशी तिच्या आधीच्या मित्राने गोळ्या घालून मारलं. तिच्याच तक्रारीवरून तो आत होता आणि सुटला होता. तो सुटल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. हे वाचताना मला माझं फाटक आठवलं आणि अंगावर काटा आला. पुढच्याच वर्षी तिथे आपोआप फोन करून सुटकेची खबर देणारी यंत्रणा सुरू झाली. इंग्लंडमध्ये लैंगिक किंवा हिंसक गुन्ह्यात वर्षभर किंवा जास्त शिक्षा झाली तर परिवीक्षा खात्याचाच एक संपर्क अधिकारी पीडिताला नेमून दिला जातो. सुटकेच्या अटी ठरताना तो त्यांचं म्हणणं पुढे पोहोचवतो. यंत्राचा फोन हवाच, तो रात्री-अपरात्रीही लागतो. पण निवडायची वेळ आली तर मी माणूस निवडीन. ‘मीच का?’ हे यंत्राला विचारता येत नाही.

कुणी माझ्यासारख्या प्रसंगात असेल तर दोन-तीन गोष्टी अनुभवाने सांगते. एफआयआरच्या दिवशीच तपास अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर लिहून घ्या, आणि जामिनाचा अर्ज आला तर मला कळवा असा साधा अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्या. मी हे फाटकाच्या प्रसंगानंतर केलं, आधी करायला हवं होतं. आरोपी २१ च्या आतला असेल, किंवा परिवीक्षेचा विषय निघाला, तर वाट पाहू नका. सरकारी वकिलांना सांगा की कलम ५ ची भरपाई मागा, आणि नुकसानीची पावती त्यांच्या हातात द्या. मग जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्याला स्वतः फोन करा, तुम्हाला कशाची भीती वाटते ते सांगा. तो बोलायला नकार देऊ शकतो, पण त्याला माहीतच नसेल तर तो ते अटींसाठी सुचवणार कसा? भेटायला होकार देऊ नका जर मन नसेल तर. प्रश्न मात्र द्या.

गेल्या महिन्यात त्या अधिकाऱ्यांची बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी फोन करून त्यांनी तेही कळवलं. नवीन कुणी रुजू झालेलं नाही, दुसऱ्या एकांकडे अतिरिक्त कार्यभार आहे. ‘माझी डायरी माझ्याबरोबरच जाईल काकू, ती फाईलमध्ये लावता येत नाही,’ असं म्हणताना त्यांचा आवाज जड झाला होता. माझाही झाला.

म्हणून मी स्वतःच पत्र लिहिलं. वर खटल्याचा क्रमांक, आदेशाची तारीख, देखरेख कधीपर्यंत आहे ते. खाली पट्टीने मधोमध रेघ मारली. डावीकडे ‘मुलगा’, उजवीकडे ‘फिर्यादी’. राहण्याचं ठिकाण बदललं तर, काम सुटलं तर, हप्ता चुकला तर, अटींत फेरबदल मागितला तर, मला कळवावं. शेवटी माझा नंबर, आणि फोन दुपारी चारनंतर केला तर बरं पडेल हेही. रजिस्टर टपाल आता स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवलं. काउंटरवर माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी होती. तिने पाकीट दोनदा तपासून घेतलं.

गुरुवारी पोचपावती परत आली. कार्यालयाचा शिक्का आहे, तारीख आहे, सही आहे. नाव वाचता येत नाही. सोमवारी साडेदहाला फोन करून ते विचारणार आहे.